चोर पुढे, खाटलं मागे

सन एकोणीसशे पंचावन्न, आणि माझं वय बावीस. त्या सालच्या फाल्गुनात मी चांद्याला हबीबभाईच्या फोटो स्टुडिओत काचा धुण्याच्या कामावर होतो. आजचं चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याच्याच पोटात होती. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, लहानपणापासून सालवार लिहा. सालवार मी लिहिणार नाही. माझं लहानपण ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या बांधीत गेलं, तसं हजार जणांचं गेलं. शाळा माझी दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरनं कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, परत आणायला गेलो नाही. झालं लहानपण.

आता काम काय होतं ते सांगतो. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काचेच्या एका अंगाला मसाला लावलेला असे, त्यावर चित्र उमटायचं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्यावरून कागदावर फोटो छापायचा. गिऱ्हाईक फोटो घेऊन गेलं की काच पडून राहायची. ती काच मी धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकायचो. मसाला सुटला की खाली कोरी काच. ती मग देवाच्या तसबिरीला लागायची. चांद्यात तेव्हा ज्यांच्या घरी आमच्याकडची तसबीर गेली, त्यांनी हात जोडले ते एखाद्या वकिलाचं लग्न धुऊन काढलेल्या काचेपुढे. देवाची हरकत नव्हती. मीही धुताना कधी पाहिलं नाही की यात कोण आहे. पाहायला पाहिजे होतं, असं आता वाटते.

या धंद्यातली मोठी आफत म्हणजे बाजू. मसाल्याची बाजू भुरकी दिसते, दुसरी चमकते. चमकती बाजू आपल्याकडे ठेवून पाहिलं तर चित्र खरं. भुरकीकडून पाहिलं तर डाव्याचं उजवं. अंधाऱ्या खोलीत भुरकी काय आणि चमकती काय, दोन्ही काळ्याच. तिथं एकच इलाज, ओठ. ओठ जरा ओला करायचा आणि काचेच्या कोपऱ्याला लावायचा. मसाल्याची बाजू असली तर चिकटते, कोरी काच असली तर सरकते. माझ्यासारखा ओठ चांद्यात कोणाचा नव्हता, हे मी लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणी लिहिलं नसतं.

बाजू चुकली तर काय होते? मूल गावाकडची एक वरात होती. हबीबभाईनं घाईत काच पालथी छापली. चार दिवसांनी नवऱ्याचा बाप फोटो घेऊन दुकानात उभा.

"भाऊ, सून माझ्या पोराच्या डाव्या अंगाला बसली होती. इथी उजव्या अंगाला कशी आली?"

हबीबभाई म्हणाला, "चाचा, जोडा तो वही है ना. इकडे बसो की तिकडे."

"आन नथ? नथ उजव्या नाकात गेली. माह्या सुनेचं नाक तुमी दुसऱ्या बाजूले टोचलं का?"

हबीबभाईनं फोटो पुन्हा छापून दिला. बुढ्यानं तो दारात उभं राहून नीट पाहिला, नथ पाहिली, सून पाहिली, आणि मग म्हणाला, "आता आमची वाटते." धंद्यातली ही गोष्ट मी विसरलो नाही. चित्र तेच, माणसं तीच, पण बाजू फिरली की आपली वाटत नाहीत.

तर त्या फाल्गुनात एका दुपारी दुकानासमोर बैलांची रेंगी थांबली. तिच्यातून सुभद्राबाई उतरल्या. यांचे मालक जंगलखात्यात रेंजर होते, वर्षापूर्वी वारले. सरकारी बंगला सोडून बाई आता अमरावतीला बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला निघाल्या होत्या. गाडीवाल्यानं आणि मी मिळून एक सागवानी पेटी उतरवली. हात सुटले असते एवढी जड.

बाई म्हणाल्या, "हबीबभाऊ, तुम्ही मागं म्हटलं होतं, काचा घेईन. घ्या. धुऊन टाका नि देव लावा."

हबीबभाई खूश झाला. लग्नसराई तोंडावर, तसबिरी मागून लोक दार झिजवत होते आणि चांद्यात काच मिळत नव्हती. मला म्हणाला, "किसना, सोडा चढव."

मी चूल पेटवली. पेटी उघडली, वरची काच काढली. आणि का कोण जाणे, त्या दिवशी खिडकीकडे धरून पाहिली. माणूस नव्हता. नवरी नव्हती. पांढऱ्या काचेवर नुसते काळे ठिपके. पहिल्यांदा वाटलं, माशांनी घाण केली. मग ठिपके ओळखीचे वाटू लागले. चार ठिपक्यांचं खाटलं आणि त्याच्याजवळ तीन चोर.

शिकलेले लोक त्याला सप्तर्षी म्हणतात. आमच्याकडे खळ्यावर धान राखताना बुढे सांगत, हे म्हातारीचं खाटलं आहे, ते पळवायला तीन चोर मागं लागले आहेत, आणि आजपर्यंत त्यांना सापडलं नाही. ध्रुव खाली ठेवून वर पाहा. खाटलं डाव्या हाताला पुढे चालते, चोर उजव्या हाताला मागं. लहानपणी अर्धी झोप मी याच्यावर मोडली आहे. पण या काचेत चोर डावीकडे होते. चोर पुढे, खाटलं मागे.

मी पुढे येऊन म्हटलं, "बाई, हे काय आहे?"

"आभाळ," बाई म्हणाल्या. "आमच्या साहेबांना नाद होता. जिथं कॅम्प पडे तिथं रात्री आभाळाचे फोटो. बारा वर्षांचं आभाळ आहे या पेटीत."

"आन थे धुवायले आणलं?"

"मग काय करू? बहिणीच्या घरी आधीच माणसावर माणूस आहे." मग म्हणाल्या, "नागपूरच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आले होते. ते तिकडे जुन्या आभाळाच्या काचा जमा करून ठेवतात. म्हणाले, फार चांगल्या आहेत, पण अर्ध्याअधिक पालथ्या आहेत. चिठ्ठी एक बाजू सांगते, आभाळ दुसरी सांगते. अशा पेटीत ठेवल्या तर पन्नास वर्षांनी कोणी पाहील आणि म्हणेल, ही चांदणी नवीन आली. नीट लावून द्याल तर सिरोंच्याहून परत येताना नेतो. पण कोण लावणार? मला तर सगळे ठिपके सारखेच."

मी म्हटलं, "मी लावतो."

हबीबभाईनं माझ्याकडे पाहिलं. "तू नोकर आहेस का मालक?"

"नोकर आहो. पण हे काचा मी सोड्यात टाकत नाई."

"मग लग्नाच्या तसबिरीले काय तुहं तोंड लावू?"

"तुमाले काच पायजे ना? बदली काच मी आणून देतो. बल्लारपूरहून आणीन, डोक्यावर आणीन. पण हे नाई."

मी एकदा नाही म्हटलं की नाही, हे हबीबभाईला माहीत होतं. तो बाईंना म्हणाला, "बाईसाहेब, हा पोट्टा दिमाग से गया हुआ है. पण हाताचा पक्का आहे. प्रोफेसर येतपर्यंत पेटी राहू द्या. नाही जमलं तर मग सोडा आहेच." आणि चुलीकडे पाहून म्हणाला, "आता पेटवलीच तर चहा तरी टाक."

बाईंचा मुक्काम गावातच एका ओळखीच्या घरी होता. त्या रोज सकाळी दुकानात येऊ लागल्या. येताना तांदळाच्या पिठाचे आयते करून आणायच्या, जाळीदार, मऊ, वर तिखट. माझ्या आयुष्यात एवढं खाऊन काम कधी झालं नाही.

काम असं. मी काच उचलायची, कोपऱ्याला ओठ लावायचा, भुरकी बाजू कोणती ते सांगायचं. दुकानात उजेड होता, डोळ्यानंही दिसलं असतं. पण जुन्या काचांवर धूळ, बुरशी, तेलाचे हात, डोळा फसतो. ओठ फसत नाही. मग बाईंनी चिठ्ठी कोणत्या बाजूला आहे ते पाहायचं. चिठ्ठीवर जागा, महिना, आणि उत्तर दाखवायला बाण. चिठ्ठी ज्या बाजूला, तिकडून आभाळ पाहायचं, म्हणून ती चमकत्या बाजूला पाहिजे. ती भुरक्या बाजूला असली की ओल्या फडक्यानं भिजवून काढायची आणि पलटवून लावायची. चौथी-पाचवी काच झाली असेल. बाई हसू लागल्या. हसू थांबेना. हबीबभाई पडदा सारून बाहेर आला.

"बाईसाहेब, क्या हुआ?"

"भाऊ, हा गोंधळ माझाच," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "साहेबांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या ते वारल्यावर मी लावल्या. भाताच्या खळीनं. लोणच्याच्या बरणीला लावते तशा, जी बाजू वर आली तिच्यावर."

आता काचा डब्यात कशा ठेवतात ते ऐका. मसाल्याला ओरखडा जाऊ नये म्हणून दोन काचा तोंडाला तोंड लावून ठेवतात, भुरकीवर भुरकी. म्हणजे वरून एक काढली तर चमकती वर, दुसरी काढली तर भुरकी वर. साहेबांनी शिस्तीत ठेवल्या होत्या आणि बाईंनी शिस्तीत चिठ्ठ्या लावल्या होत्या. दोन शिस्ती मिळून अर्धं आभाळ पालथं झालं. चुकलं कोणीच नव्हतं आणि चुकलं होतं सगळंच.

हबीबभाई म्हणाला, "हमारे यहाँ तो एक बहू उलटी झाली, तर बुढा मारायला आला. इथं तर पूरा आसमान."

ज्यांना हे कळत नसेल त्यांनी आपली डाव्या पायाची चप्पल घ्यावी. टाच पुढे करा, गोल फिरवा, ती डावीच राहते. हे झालं उलटं. काच उलटी असली तर फिरवून सुलटी होते, काही बिघडत नाही. पण ती चप्पल आरशात पाहिली तर उजवी दिसते. हे झालं पालथं. पालथी काच कितीही फिरवा, सुलटी होत नाही, तिला पलटावंच लागते. हे मला बाईंनी सांगितलं आणि बाईंना साहेबांनी. साहेबांनी बाईंना आणखी एक काम दिलं होतं. आभाळ फिरतं, मग फोटो हलतो. म्हणून बल्लारपूरच्या एका सुताराकडून लाकडाचा ठोकळा करून घेतला होता, त्याला एक स्क्रू. तो हळूहळू फिरवला की कॅमेरा चांदण्यांच्या संगं चालायचा. तो स्क्रू बाई फिरवत. "जात्यावर दळण घातल्यासारखं," त्या म्हणत, "फक्त पीठ पडत नव्हतं." त्यांना ठिपके सारखे दिसत होते असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण दोन दिवसांत त्या माझ्या आधी खाटलं ओळखू लागल्या. मृगातलं तिकांडं, विंचू, सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची निघाली. फक्त दिवसा, काळ्या रंगात, त्यांनी ती कधी नीट पाहिली नव्हती.

मजेत चाललं होतं. मग भांडण झालं.

घोटच्या जंगलातल्या काही काचा निघाल्या. त्यात विंचू होता. दक्षिणेकडे तोंड केलं तर विंचवाची नांगी खाली उतरून डाव्या हाताला वळते. मी ओठ लावला, भुरकी बाजू पलीकडे केली, बाईंपुढे धरली. नांगी उजवीकडे.

"किसनभाऊ, ही पालथी आहे."

"नाई बाई. ओठ लावून पाह्यलं ना मी."

"ओठ काही म्हणो. विंचू तर डोळ्यापुढे आहे."

"विंचू चुकला असन. माहा ओठ नाई चुकत."

"अरे, विंचू कसा चुकेल? तो काय नोकरीला आहे?"

मला राग आला. दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. तेच. घोटच्या सगळ्या काचांत माझा ओठ एक सांगे आणि आभाळ दुसरं. मी उठलो आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. बाईंनी आयते पुढे केले, खाल्ले नाहीत. आयते न खाणं जड गेलं, पण खाल्ले नाहीत. मनात म्हटलं, आज ओठ खोटा ठरला तर उद्या साऱ्या पेटीवर कोण भरवसा ठेवेल? आधी लावलेल्या काचाही मग संशयातच.

हबीबभाईनं काच घेतली. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिली. मग पायरीशी आला.

"किसना, ये देख. बाकी काचेत चांदणी कशी आहे? सुईच्या टोकासारखी. इसमें? मोहरीसारखी, फुगलेली. मतलब काय?"

"काय?"

"मतलब फोटो घेताना मसाल्याचं तोंड पुढं नव्हतं. काच कॅमेऱ्यातच उलटी बाजू करून भरली. चांदणं काचेतून पार होऊन मसाल्यावर पडलं, म्हणून पसरट आलं. तुझा ओठ बराबर, बाईसाहेबांचा विंचू पण बराबर. गलत फक्त काच भरणारा."

बाई ताठ झाल्या. "आमचे साहेब काच उलटी भरणारे नव्हते."

"घोटला काही झालं होतं का बाईसाहेब?"

बाईंनी तोंडाला पदर लावला, आणि पुन्हा तेच हसू.

"अस्वल," त्या म्हणाल्या. "मोहाचे दिवस होते. साहेब घोंगडीच्या आत बसून पुढच्या काचा भरत होते, उजेड लागू नये म्हणून. आणि झाडाखाली अस्वल मोह खायला आलं. चपराशी डबा बडवतो आहे, साहेब घोंगडीतून ओरडतात, काय आहे, काय आहे, आणि बाहेर काही येत नाहीत, काचा खराब होतील म्हणून."

मी पायरीवरून उठलो. "आन बाई, तुमी कुठी होत्या?"

"मी कुठे जाणार? स्क्रू फिरवत होते. सोडला असता तर चांदणं हललं असतं."

हबीबभाई खाली बसला आणि गुडघ्यावर हात मारत हसला. मी पायरीवर ठेवलेले आयते घेतले आणि गार होते तरी सगळे खाल्ले. घोटच्या काचांना चिठ्ठी भुरक्या बाजूला लावायची असं ठरलं. त्यांचं खरं तोंड तेच होतं.

प्रोफेसर आले ते गाडीच्या घाईतच आले. दाढी वाढलेली, अंगावर सिरोंच्याकडची धूळ, दारात टांगा उभा. बाईंनी पेटी पुढे केली. त्यांनी पिशवीतून आभाळाचा नकाशा काढला, वरवरच्या काचा पाहिल्या, मान डोलावली. मग मधूनच एक ओढली. घोटची निघाली.

"बाई, ही चुकली," ते म्हणाले. "चिठ्ठी मसाल्याच्या बाजूला आहे. अशीच जर चूक बाकीत असेल तर मला..." त्यांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या वर्षी पाहू का?"

पुढच्या वर्षी पेटी कुठं असणार होती? बाईंनी पेटीचं झाकण लावायला घेतलं. सगळ्या आठवड्याचं हसू एकदम गेलं. मी पुढे झालो. हबीबभाईनं माझा सदरा मागून ओढला, मी सोडवून घेतला.

"साहेब, गाडी गेली तर दुसरी येते. काच खिडकीकडे धरा."

"अहो, पण..."

"धरा तर. विंचवाची नांगी कुठी वळली थे पाहा, आन मग सांगा."

प्रोफेसर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. टांगेवाल्याला हातानं थांब म्हटलं, काच धरली, नकाशा शेजारी धरला. फिरवून पाहिलं. मग पलटवून पाहिलं. पुन्हा पहिल्यासारखी केली.

"नांगी बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मग मसाला या बाजूला कसा?"

"अस्वल," बाई म्हणाल्या.

सगळी हकीकत ऐकेपर्यंत गाडी खरंच गेली. प्रोफेसर खुर्चीवर बसले, आयते खाल्ले, आणि घोटच्या सगळ्या काचा एकेक करून पाहिल्या. मग मला म्हणाले, "ते ओठाचं कसं करता, दाखवा." मी दाखवलं. त्यांनी डोळे मिटून काच मिशीखाली धरली. चिकटली. लहान मुलासारखे हसले. म्हणाले, "आमच्याकडे याच्यासाठी अंगठ्याचं नख लावतात आणि काच खराब करतात. हे मी उद्या जाऊन शिकवतो." मग मला त्यांनी नकाशावर खाटलं दाखवलं, आणि चोरांपैकी मधल्याच्या बगलेत एक बारीक चांदणी दाखवली. ती मी खळ्यावरून हजारदा पाहिली होती, पण काचेवर माझ्या नजरेतून सुटली होती. ती वसिष्ठाची अरुंधती, ते म्हणाले. मी म्हटलं, असन, पण आमच्याकडे थो चोराचा पोरगा आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळच्या गाडीला पेटी चढली. बाईंनी गाडी सुटेपर्यंत पेटीवर हात ठेवला होता. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "बारा वर्षं फिरवलं मी ते आभाळ. आज सुलटं गेलं." मग हबीबभाईला म्हणाल्या, "तुमच्या देवांचं मात्र नुकसान झालं."

"देव थांबतील बाईसाहेब," हबीबभाई म्हणाला. "त्यांना काय गाडी पकडायची आहे? पण किसना, तू जबान दिली आहेस."

दिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी बल्लारपूरला गेलो आणि काचेच्या दुकानात उभा राहिलो. दुकानदारानं नवी कोरी काच काढून दिली. मी ती उजेडाकडे धरली. आत कोणी नव्हतं, ना नवरी ना खाटलं. मग सवयीनं ओठ ओला केला आणि कोपऱ्याला लावला. पलटवून दुसऱ्या बाजूला लावला.

दुकानदार म्हणाला, "काऊन बे, काच चाटून पाहून राह्यला?"

मी म्हटलं, "सुलटी बाजू कोणती थे पाहून राह्यलो."

"अबे, कोऱ्या काचेले सुलटं-पालथं राह्यते का?"

ओठ दोन्हीकडून सरकला होता. मी म्हटलं, "नाई. बांधा आता."